बद्द आवाजाचा रॅक

माझा धाकटा भाऊ कलाकार आहे. हे मी म्हणत नाही, तो म्हणतो, आणि इतक्यांदा म्हणतो की सगळ्या बाजाराने त्याचं नावच कलाकार ठेवलंय. त्याला वाटतं लोक मानाने म्हणतात. लोकांनी त्याचा गैरसमज दूर केला नाही, मीही केला नाही. घरात एकाने तरी सुखात राहावं.

आमचं दुकान हार्डवेअरचं. खिळे, स्क्रू, बिजागऱ्या, कुलपं हे सगळं आहेच, पण बाजारात नाव आहे ते चाकांसाठी. गाडीची चाकं नव्हेत, ग्राइंडरला लावायची दगडी चाकं. सुऱ्या, छिन्न्या, पटाशा यांना ज्यांच्यावर धार लागते ती. बशीएवढ्या चाकापासून ते दोघांनी मिळून उचलायच्या चाकापर्यंत सगळी मापं आमच्याकडे मिळतात. दिसायला दगड, पण स्वभावाने काच. कुठे आपटलं की आत बारीक तडा जातो आणि वरून काही दिसत नाही. असं तडकलेलं चाक ग्राइंडरवर गरगर फिरायला लागलं की त्याचे तुकडे उडतात आणि समोरच्या माणसाचं तोंड ओळखू येत नाही. म्हणून चाक कोणी नुसतं बघून घेत नाही. लाकडी हातोडीने किंवा स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने हलकेच ठोकायचं आणि ऐकायचं. चांगलं चाक खणखणीत वाजतं, तडकलेलं बद्द वाजतं. माठ घेताना टिचकी मारून बघतात तसंच, फरक इतकाच की माठ गळला तर फक्त फरशी ओली होते.

हे आम्हा दोघा भावंडांना बाबांनी लहानपणीच शिकवलं होतं. मी शिकले. कलाकारही शिकला असणार, पण त्याचं लक्ष तेव्हा चाकांवरच्या गोल कागदी लेबलांची अक्षरं सरळ रेषेत आणण्याकडे असायचं.

तो पहिल्यापासून तसाच. शाळेत त्याच्या वह्या आत कोऱ्या असायच्या, पण कव्हरं अशी घातलेली की मास्तर इतरांना दाखवायचे. जेवायला बसला की ताटातल्या पदार्थांची आधी मांडणी करायचा. मांडणी होईपर्यंत सगळं निवायचं, मग 'गार झालं' म्हणून तोंड वाकडं करून उठायचा, आणि आई पुन्हा गरम करून द्यायची. मी गार जेवले तर मला कोणी विचारलं नाही. मी त्याची तक्रार करत नाही, फक्त सांगते.

पुढे तो मोठ्या शहरात दुकानांच्या मांडणीचा कोर्स करून आला आणि रॅक बनवणाऱ्या एका कंपनीत लागला. आधी लिपस्टिकचे रॅक करायचा. त्यात हात बसतो न बसतो तोच कंपनीने त्याला बुटांच्या विभागात टाकलं. हा त्याने आपल्या कलेचा अपमान मानला आणि राजीनामा देऊन घरी आला. राजीनामा आधी लिहिला की कंपनीने आधी जायला सांगितलं, याबद्दल दोन मतं आहेत, पण घरात एकच चालतं.

आई गेल्यापासून दुकानात मी बसत होते. माल मागवायचा, उतरवून घ्यायचा, एकेक चाक वाजवून ठेवायचं, कोणत्या कामाला जाड दाण्याचं चाक लागतं, कोणत्याला बारीक, ते गिऱ्हाइकाला सांगायचं, उधारी मागायची, शटर वर करायचं आणि खाली ओढायचं. याला बाहेरचे लोक 'दुकान चालवणं' म्हणतात. बाबा 'मदत करणं' म्हणायचे. माझं लग्न झालं नाही. त्याची काळजी माझ्यापेक्षा बाजारालाच जास्त होती. मला दुकान पुरत होतं. खरं सांगायचं तर मला दुकानच हवं होतं, आणि इतकी वर्षं तिथे राबल्यावर ते मिळेल असं मी धरून चालले होते. मागितलं मात्र कधी नाही. आपल्याच घरात मागायचं कशाला, अशी एक खुळी ऐट माझ्यात होती.

कलाकार घरी आला तेव्हा बाबांचा चेहरा असा खुलला की जणू पोरगा लढाई जिंकून आलाय. दुसऱ्याच दिवशी त्यांनी त्याला दुकानात आणलं.

"आता तू लक्ष घाल इथे," बाबा म्हणाले.

कलाकाराने दुकानभर नजर फिरवली. चाकं भिंतीला टेकून फरशीवर उभी होती, लहान चाकं लाकडी खोक्यांत होती, मापाप्रमाणे, जशी कायम असायची. त्याने डोळे मिटून घेतले.

"बाबा, मी काउंटरवर बसणार नाही. पण या दुकानाला चेहरा देईन. चाकांसाठी एक रॅक करतो. असा की लोक नुसता बघायला येतील."

"नुसतं बघायला येणारे आताही खूप आहेत," मी म्हटलं.

"ताई, वस्तू विकायची नसते. वस्तू दिसायची असते. मग ती आपोआप विकली जाते."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं, म्हणजे बघ, याला म्हणतात शिक्षण. त्याच संध्याकाळी जेवताना त्यांनी जाहीर केलं, "रॅक उभा राहिला की दुकानाची पाटी नवी करू. माझ्या नावापुढे 'आणि पुत्र' घालू, मोठ्या अक्षरांत. कागदही करून टाकतो, म्हणजे मी डोळे मिटायला मोकळा."

माझा हात ताटातच राहिला. "आणि मी?"

"तू आहेसच की," बाबा म्हणाले आणि पाणी मागितलं.

मी पाणी दिलं. आपला तो बाळ्या, दुसऱ्याचं ते कार्टं, असं म्हणतात. आमच्या घरी दोघंही आपलीच, तरीही एक बाळ्या आणि एक कार्टं. त्या दिवशी मला कळलं की रॅक उभा राहिला की माझं दुकान आडवं होणार.

डिझाइन सुरू झालं. म्हणजे दुकानातली निम्मी कामं बंद झाली, कारण काउंटरवर नकाशे पसरलेले असायचे आणि त्यांच्यावर वजनकाटा ठेवायचा नाही अशी ताकीद होती. कलाकार टेप घेऊन भिंती मोजायचा, दरवाजा मोजायचा, एकदा मला उभी करून मलाही मोजलं. "गिऱ्हाइकाचा हात किती उंच जातो ते पाहायचंय," म्हणाला. मी म्हटलं, गिऱ्हाइकाचा हात वर जात नाही, खाली जातो, कारण चाक जड असतं. त्याने ते लिहून घेतलं नाही.

या सगळ्या काळात त्याने एकाही चाकाला हात लावला नाही. हाताला पूड लागते ना. त्याने पुठ्ठ्याची गोल चाकं कापली, रंगवली आणि त्यांच्यावर प्रयोग केले. पहिला रॅक म्हणजे भिंतीत ठोकलेल्या आकड्यांची रांग. त्यावर पुठ्ठ्याची चाकं फार सुंदर दिसली. बाबा दोन पावलं मागे जाऊन बघत राहिले. मग आम्ही खरी चाकं लावली आणि आकडे भिंतीच्या प्लास्टरसकट खाली आले. चार चाकं फुटली. कलाकार म्हणाला, भिंत कच्ची आहे. नाचता येईना अंगण वाकडं ही म्हण मला तेव्हा आठवली, पण मी झाडू घेऊन तुकडे गोळा केले. बाबांनी भिंत बांधणाऱ्या गवंड्याला शिव्या दिल्या. तो बिचारा कधीचाच वारला होता.

दुसऱ्या रॅकसाठी कोपऱ्यावरच्या वेल्डरला बोलावलं.

"वजन किती धरायचं?" वेल्डरने विचारलं.

"वजन जाणवता कामा नये," कलाकार म्हणाला.

"जाणवू नये ते ठीक, पण धरायचं किती?"

"तुम्ही आकड्यांत अडकू नका. हलकेपणा आला पाहिजे."

वेल्डरने पेन्सिल कानावर ठेवली आणि माझ्याकडे पाहिलं. मी हळूच वजन सांगितलं. त्याने त्याच्या दुप्पट धरून लोखंड लावलं. त्यामुळे दुसरा रॅक पडला नाही, हे मी न्यायाने सांगते. हत्ती बसवला असता तरी हलला नसता. तिरपा, पायऱ्यापायऱ्यांचा, काळ्या रंगाचा, आणि प्रत्येक चाकाला आपापली खाच. नजर लागावी असा झाला होता. माझ्या तोंडूनसुद्धा "छान" निघून गेलं, आणि मला स्वतःचाच राग आला.

पण रॅकचा आत्मा लोखंडात नव्हता, रबरात होता. कलाकाराने प्रत्येक खाचेत जाड, मऊ, काळं रबर बसवलं होतं, असं की चाक आत सरकवलं की घट्ट धरलं जाई.

"लोखंडावर दगड ठेवला की खण्ण होतं," तो मला समजावत होता. "हा आवाजच आपल्या दुकानाला खाली आणतो, ताई. आवाज म्हणजे घाऊक बाजार. शांतता म्हणजे ब्रँड."

मला काही खटकलं नाही. मी चाक पडेल का, खाच रुंद आहे का, गिऱ्हाइकाचं बोट चेपेल का, याच काळजीत होते. रबराचं कोणाच्याच डोक्यात आलं नाही, चाकांत सगळा जन्म गेलेल्या बाबांच्या आणि माझ्याही.

चाकांची मांडणी त्याने रंगाप्रमाणे केली. वर पांढरी, मग गुलाबी, मग हिरवी, खाली करडी. माप कोणतंही असो, दाणा जाडा असो की बारीक, गुलाबी ते गुलाबीत. "सगळं एका नजरेत कळतं," असं तो म्हणायचा. एका नजरेत इतकंच कळायचं की गुलाबी चाकं गुलाबी आहेत.

उद्घाटनाला बाजार लोटला. शेजारचे रंगवाले आले, पाइपवाले आले, ज्यांचा चाकांशी काडीचाही संबंध नाही तेही आले. बाबा नवीन शर्ट घालून प्रत्येकाला रॅकसमोर उभं करत होते. "आमच्या चिरंजिवांनी केलाय. लाखात एक डोकं." चहा मी देत होते.

मग धारवाले काका आले. हे आमचं सर्वांत जुनं गिऱ्हाईक. आख्ख्या बाजाराच्या कात्र्या-सुऱ्यांना धार लावणारा, कमी बोलणारा माणूस. त्यांनी रॅककडे पाहिलं, मान हलवली, खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला आणि उलट्या मुठीने एका पांढऱ्या चाकावर ठोकलं.

बद्द.

शेजारच्यावर ठोकलं. बद्द. गुलाबीवर, हिरव्यावर, खालच्या करड्यावर. सगळीकडे तोच आवाज, मेलेला. काकांनी स्क्रूड्रायव्हर खिशात घातला, माझ्याकडे असं पाहिलं की जणू आमच्या घरात काही अशुभ घडलंय आणि ते त्यांनाच आधी कळलंय, आणि म्हणाले, "आज राहू दे गं. परत येईन."

परत आले नाहीत. दुसरा आला, त्याने ठोकलं, तो गेला. तिसऱ्याने तर तोंडावर विचारलं, "माल उतरवताना आपटला का सगळा?" बाजारात बातमीला पाय नसतात, पंख असतात. आठवडा संपायच्या आत सगळीकडे झालं, यांच्याकडे तडकलेली चाकं आहेत. रॅक बघायला मात्र गर्दी व्हायची. कलाकाराचं म्हणणं अक्षरशः खरं झालं, लोक नुसतं बघायला येत होते.

माल मी मागवला होता, मी उतरवून घेतला होता, एकेक वाजवून घेतला होता. तेव्हा माझे हात कामात होते आणि डोकं भलतीकडे, म्हणून माझाच कान चुकला, अशी मी स्वतःला दूषणं देत बसले. शेवटी कंपनीला नमुना पाठवावा म्हणून एक चाक रॅकमधून ओढून काढलं. रबरातून ते सुटता सुटेना, पायाने रेटा द्यावा लागला. फरशीवर उभं केलं, आणि सवयीने ठोकलं.

खणखणीत. दुकानाच्या दुसऱ्या टोकाला बसलेलं मांजर उठून बसलं.

दुसरं काढलं, तेही तसंच. तिसरं, चौथं. पुन्हा खाचेत घालून ठोकलं, बद्द. बाहेर काढून ठोकलं, स्वच्छ. रबराने गळा दाबला होता. चाक वाजायला मोकळं लागतं, आणि आमच्या कलाकाराने प्रत्येकाला चारी बाजूंनी उशी लावून निजवलं होतं. मला इतकं हसू आलं की डोळ्यांतून पाणी निघालं. कंपनीचा दोष नाही, माझा कान चुकला नाही, माल सोन्यासारखा आहे.

मी बाबांना आणि कलाकाराला बोलावलं आणि सांगितलं. "रबर काढून टाका. नाहीतर लाकडी पट्ट्या बसवा. एका दुपारचं काम आहे."

कलाकाराचा चेहरा पांढऱ्या चाकांसारखा झाला. तो मागच्या खोलीत गेला.

बाबा रॅककडे बघत राहिले. "बघू," म्हणाले.

मी निर्धास्त घरी गेले. मला वाटलं, घोडं जिथे पेंड खात होतं ती जागा सापडली, आता काय उरलं?

सकाळी दुकानात आले तर रंगवाले, पाइपवाले, वेल्डर, दोन-चार गिऱ्हाइकं असे सगळे जमलेले आणि बाबा मधोमध उभे. मी ओढून काढलेली चाकं पुन्हा आपापल्या खाचांत गेली होती. रबर होतं तसंच होतं.

"आमच्याकडे आलेला माल तडकलेला आहे," बाबा खड्या आवाजात सांगत होते. "सगळाच्या सगळा. कंपनी परत घेत नाही म्हणते, न घेऊ दे. मी नुकसान सोसेन, भंगारात टाकेन, पण माझ्या गिऱ्हाइकाच्या हातात असलं चाक देणार नाही. नवीन माल येईल, तो माझा मुलगा जातीने बघून घेईल. इथून पुढे मालाचं सगळं तोच बघणार."

लोकांनी माना डोलावल्या. रंगवाले तर गहिवरले. "असा सचोटीचा व्यापारी आता मिळायचा नाही," म्हणाले. बाबांनी नम्रपणे हात जोडले. कलाकार रॅकला टेकून उभा होता आणि आपल्या बुटांकडे बघत होता.

म्हणजे हिशेब असा लागला, की माल वाईट, म्हणून माल मागवणारी वाईट, म्हणून दुकान दुसऱ्याकडे. रॅक तेवढा चांगला. माझ्या कानांत रक्त वाजायला लागलं. ओरडून सगळं सांगावं असं वाटलं. एक चाक काढून फरशीवर वाजवून दाखवलं असतं तर बाबांची सचोटी तिथेच गळून पडली असती. पण चारचौघांत बापाचं पितळ उघडं पाडायला माझा हात उचलला गेला नाही. जीभ मात्र उचलली गेली.

"भंगारातच टाकणार असाल तर मी घेते," मी म्हटलं.

सगळे माझ्याकडे वळले.

"काय घेतेस?" बाबांनी विचारलं.

"ही चाकं. सगळी. भंगारवाल्याला देण्यापेक्षा मला द्या. इतकी वर्षं मदत केली, तेवढं समजा."

बाबांचं तोंड बघण्यासारखं झालं. एक शब्द पुरेसा होता. 'चाकं चांगली आहेत' एवढं म्हणाले असते तर माझा डाव तिथेच संपला असता. पण ते म्हणायचं तर लोक विचारणार, मग बद्द का वाजतात? आणि उत्तर त्यांच्या मागेच काळ्या रंगात दिमाखात उभं होतं. बाबांनी रॅककडे पाहिलं, मग कलाकाराकडे, मग गहिवरलेल्या रंगवाल्यांकडे.

"घे," ते म्हणाले.

मी त्यांना दुसरा विचार करायला वेळ दिला नाही. दोन हातगाड्या बोलावल्या, हमालांना सांगितलं, एकावर एक रचायची नाहीत, उभी ठेवा, मध्ये गोणपाट घाला. हमाल म्हणाले, "भंगाराला एवढं जपायचं?" मी म्हटलं, "आमच्याकडे भंगारालाही माया लावतात."

पुढच्या गल्लीत शिवणयंत्र दुरुस्त करणाऱ्याचा गाळा रिकामा पडला होता. मी तो घेतला. फरशी पुसली, भिंतीला लाकडी फळ्या टेकवल्या आणि चाकं मापाप्रमाणे उभी केली. ज्याने त्याने यावं, हवं ते ओढावं, हवं तितकं ठोकावं. पहिले धारवाले काका आले. त्यांनी एक वाजवलं, दुसरं वाजवलं, मग भिंतीकडून सगळी रांगच वाजवत गेले. शेवटच्या चाकापाशी थांबून त्यांनी मिशीतल्या मिशीत हसून विचारलं, "हीच का ती तडकलेली?"

"हीच."

"बरं केलंस गं."

हळूहळू सगळ्यांना उमगलं. पण बाबांना जाऊन कोणी काही बोललं नाही. बाजाराला माणसाची फजिती आवडते, पण ती माणसाला सांगून संपवून टाकणं आवडत नाही. बाबांकडे नवीन कंपनीचा माल आला, त्याच रबरात गेला आणि त्याच आवाजात वाजला. आता तिथे फक्त खिळे आणि कुलपं विकली जातात. नवीन पाटी लागली आहे. 'आणि पुत्र' ही अक्षरं फारच देखणी आहेत, कलाकाराने स्वतः काढलीत.

कोणी मला विचारलंच की तुमच्या वडिलांनी असं कसं केलं, तर मी सांगायचे, त्यांना हल्ली कमी ऐकू येतं. वय झालं. चाकाचा आवाज आता त्यांना कळत नाही आणि कबूल करायला लाज वाटते. हे मी इतक्यांना सांगितलं की मलाही पटलं होतं. बापावर कायमचं रागावून जगायचं म्हणजे कठीण असतं. काहीतरी निमित्त लागतं माफ करायला.

एका दुपारी कलाकार माझ्या दुकानात आला. दारात उभा राहून त्याने फळ्या बघितल्या, फरशी बघितली, आणि मी मनाची तयारी केली की हा आता नकाशा काढून देऊ का म्हणून विचारणार. तो स्टुलावर बसला. शर्टाला इस्त्री नव्हती. माझा भाऊ बिनइस्त्रीच्या शर्टात मी जन्मात पाहिला नव्हता.

"ताई, मला त्या संध्याकाळीच पटलं होतं," तो म्हणाला. "तू सांगून गेलीस ना, त्यानंतर मी कटर घेऊन बसलो होतो. वरच्या ओळीतलं रबर काढायला सुरुवातही केली."

"मग?"

"बाबांनी हात धरला. म्हणाले, रबर काढलंस तर उद्या सगळा बाजार म्हणेल, पोराने घोळ घातला आणि पोरीने निस्तरला. मग दुकान तुझ्या नावावर कोणत्या तोंडाने करू?"

"आणि तू कटर खाली ठेवलास."

"ठेवला." त्याने नाक पुसलं. "तू रागावलीस?"

"तुझ्यावर कशाला रागावू? तू काही केलंयस का? काहीच केलेलं नाहीस. आयुष्यभर हीच तर तक्रार आहे."

त्याला लागलं, आणि लागावं म्हणूनच मी बोलले होते. मग मला त्याची कीव आली. आवाज खाली आणून म्हटलं, "जाऊ दे. बाबांना तरी काय बोलणार? त्यांना चाक वाजलेलंच ऐकू येत नाही आता. त्यांना खरंच वाटलं असेल माल खराब आहे."

कलाकाराने चमकून वर पाहिलं.

"ऐकू येत नाही? अगं, तू गेल्यावर त्यांनी पहिलं काम तेच केलं. तू काढलेलं चाक उचललं, फरशीवर धरलं आणि ठोकलं. एकदा नाही, चारी बाजूंनी. मग जरा वेळ तसेच बसून राहिले. मग म्हणाले, 'उत्तम माल आहे. हिचा कान माझ्यावर गेलाय.'"

"आणि?"

"आणि म्हणाले, 'घाल परत रबरात.'"

मी त्याला चहा पाजला आणि वाटेला लावलं. तो गेल्यावर रडले. दुकान गेलं तेव्हा रडले नव्हते, पण हे मला सोसलं नाही. त्यांना माझा कान माहीत होता, माझी मेहनत माहीत होती, सगळं नीट ऐकून, नीट तोलून त्यांनी मला बाजूला काढलं होतं. आणि मी गावभर त्यांच्या बहिरेपणाची बाजू मांडत फिरत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाबांच्या दुकानात गेले. ते दाराकडे पाठ करून कुलपांवरची धूळ झटकत होते. कलाकार आला नव्हता. रस्त्यावर टेम्पोचा गोंगाट चालला होता. मी उंबऱ्यातच थांबले आणि घरात शेजारच्या खोलीत कोणी झोपलेलं असावं इतक्या हलक्या आवाजात म्हटलं, "बाबा."

ते लगेच वळले. "काय गं?"

"काही नाही. तुम्हाला नीट ऐकू येतं ना, एवढंच बघायला आले होते."

त्यांच्या हातातलं फडकं थांबलं. त्यांना कळलं. मला काहीतरी सांगण्यासाठी त्यांनी तोंड उघडलं, आणि माझ्याकडे बघून ते मिटलं. मी थोडा वेळ थांबले, म्हणजे म्हणायचंच असेल तर त्यांना म्हणता यावं. मग निघाले. माझं शटर अर्धंच उघडून आले होते आणि गिऱ्हाइकं यायची वेळ झाली होती.